एकास वीसची गाडी

आगगाडीत माणसं बसवणं हे माझं काम आहे. खऱ्या नव्हे, एकास वीस प्रमाणातल्या गाडीत. म्हणजे उभं राहिलं तर जेमतेम आठ सेंटिमीटर भरेल एवढं माणूस. वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. एका बाजूला नळाच्या तोट्या बनवणारे, दुसऱ्या बाजूला पिशव्यांच्या चेन बनवणारे आणि मध्ये आम्ही मॉडेलवाले. इमारत, पूल, कारखाना, गिऱ्हाईक म्हणेल ते लहान करून द्यायचं. तिथे मला एका जागी अर्धा तास बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. हातात कानस घेऊन मी फिरत फिरतच काम करते. मालक म्हणतात, "मॅडम, गाडीची चाकं उरलीयत. तुमच्या पायाला लावू का?"

माणसं आमच्याकडे पिशवीतून येतात, शंभर शंभर. सगळी गोरी, सडसडीत, कुठल्या तरी थंड देशातली. बायकांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचे स्कर्ट. त्यांना आपलंसं करायचं काम माझ्याकडे. पुट्टीचा पातळ थर देऊन मी त्यांना पदर काढते, कातडी सावळी रंगवते, पुरुषांच्या पोटाला थोडा घेर देते. तरी त्यांची बसायची ढब काही बदलत नाही. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले. वीस तास प्रवास करून आलेलं माणूस असं बसतं का कुठे?

दोनेक वर्षांपूर्वी एका कंपनीकडून लांब पल्ल्याच्या गाडीच्या मॉडेलचं काम आलं. पुढच्या काळातली प्रवासी गाडी. दोन डबे, एका बाजूची भिंत काढलेली, म्हणजे बघणाऱ्याला आतलं सगळं दिसावं. बर्थ नाहीतच, नुसत्या खुर्च्या. कारण ही गाडी सकाळी निघून संध्याकाळी पोचवणार, झोपायचा प्रश्नच नाही. खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत आणि कायमच्या बंद. सोबत सूचनांचा कागद. सामान दाखवू नये. खाणंपिणं दाखवू नये. प्रवासी पुढे बघणारे असावेत. म्हाताऱ्यांना बंदी आहे असं कुठे लिहिलं नव्हतं, पण दिलेल्या चित्रांत एकही पांढरा केस नव्हता.

मला खरं तर हसायला हवं होतं. पण मी त्या गाडीच्या प्रेमातच पडले. त्याला कारण माझी आई.

आई निर्मळच्या वाटेवर वाडीत राहते. केळी, थोडी भाजी, मोगरा. मी विरारला फ्लॅटमध्ये, दर रविवारी स्कूटरवरून तिच्याकडे. तिची थोरली बहीण, माझी मावशी, लग्न होऊन बिकानेरला गेली. मावशीच्या यजमानांची नोकरी तिकडची, मग मुलगाही तिकडेच रमला. आधी मावशी दर उन्हाळ्यात महिनाभर यायची. वाडीत दोघी बहिणी बसल्या की कुणाचं तोंड बंद नसे, दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. वीसेक वर्षांपूर्वी यजमान गेले तसं मावशीचं येणं थांबलं. फोन राहिला.

त्या फोनवरच पहिल्यांदा कळलं. मावशीनं विचारलं, "आय कशी हाय?" त्यांची आई जाऊन तीसेक वर्षं झाली होती. आई म्हणाली, "अगं, ती गेली ना." पलीकडे मावशी अशी रडायला लागली की जणू आत्ताच बातमी ऐकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न. यावेळी आई म्हणाली, "बरी हाय. शेतावर गेलीय." फोन ठेवून ती बराच वेळ मोगऱ्याच्या कळ्या खुडत राहिली, नको इतक्या कोवळ्यासुद्धा. मग मला म्हणाली, "ती मला वलखते तवर जाऊन येते गो. मंग जाऊन काय उपेग?"

एवढंच तिचं मागणं होतं. मावशी ओळखते तोवर पोचायचं.

आणि मी काय केलं? मी मॉडेलवाली, मी माप घेतलं. आईचे गुडघे गेलेले. वाडीतल्या अंगणात मी खडूनं डब्याचा एक कप्पा काढला, खराखुरा, पूर्ण मापाचा. इथे खालचा बर्थ, म्हणून बाक ठेवलं. इथून दरवाजापर्यंत इतकी पावलं. इथे संडास, चार बाजू आखलेल्या, त्यात आईनं वळून दाखवायचं, कशालाही न धरता, कारण गाडी हलते तेव्हा हात कुठे पोचेल याचा भरवसा नाही. आई बिचारी साडीचा काठ खडूला लागू नये म्हणून वर धरून माझ्या चौकोनांमधून चालली. संडासात वळताना तिचा तोल गेला. पाय रेषेबाहेर पडला. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती, तिला वाटलं माय-लेकी लंगडी खेळतायत.

"नापास," मी म्हटलं. थट्टेनं म्हटलं, पण निकाल खरा होता.

विमानाचं नाव काढलं की आई कानावर हात ठेवते. शिवाय तिच्या पिशवीत काय असणार ते मला माहीत होतं, म्हणून मीही फार ताणलं नाही. अर्नाळ्याचे सुके बोंबील आणि सोडे. बिकानेरच्या वाळवंटात मावशी इतकी वर्षं त्यांच्यासाठी झुरते. एसी डब्यात तो वास सुटला तर माणसं साखळी ओढतील. राहिला साधा स्लीपर, आणि तो तर अंगणातच नापास झालेला.

तेव्हाच नेमकी ही गाडी माझ्या टेबलावर आली. दहा-अकरा तासांत बिकानेर! रुंद दरवाजे, फलाटाशी पायरी नाही, संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांडे. दांडे मी स्वतः बसवले, सुईपेक्षा बारीक तारेचे. ते चिमट्यानं चिकटवताना मला तिथे आईचा हात दिसायचा. रविवारी वाडीत गेले की मी ऐटीत सांगायची, "थांब गं थोडी. नवी गाडी येतेय. पुढच्या वर्षी राणीसारखी जाशील." विरारच्या बाजूला बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत होते, पेपरात रोज नव्या गाड्यांचे फोटो. कुठली गाडी कुठे जाणार याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. नवी बातमी आली की मी तिचा धागा बिकानेरपर्यंत ओढायची.

आई ऐकून घ्यायची. सुरुवातीला विचारायची, "कवा?" मग विचारेनाशी झाली. पण हंगाम आला की अर्नाळ्याहून ताजे बोंबील आणवायची, आधीचे शेजारी वाटून टाकायची. डबा कायम भरलेला. तो डबा कपाटावर दिसला की मला उगाच राग यायचा, तिचा की माझा कोण जाणे. मी घाईघाईनं स्कूटर काढायची.

कंपनी नकाशे बदलत राहिली आणि काम दोन वर्षं रेंगाळलं. मॉडेल होत आलं तेव्हा मी आईला रिक्षानं गाळ्यावर घेऊन आले. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी दिवे लावले. दोन्ही डबे आतून उजळले, रांगेनं खुर्च्या, रांगेनं माणसं. आईनं चष्मा पुसला आणि इतकं निरखून बघितलं की मालकही काम थांबवून उभे राहिले.

"पाय वर कुठं घ्यायचे?" तिनं विचारलं.

"वर कशाला घ्यायचे? खुर्ची आहे ना."

"दिसभर पाय खाली सोडून सुजतील की. आन ही मानसं सगली एकमेकांच्या पाठी बघत्यात. बोलायचं कुनाशी?"

"आई, ही गाडी वेगात जाते. बोलायच्या आधी गाव येतं."

"मंग डबा कवा सोडायचा?"

मालक हसले. मला मात्र झोंबलं. जीव ओतून केलेल्या कामात तिला पाय ठेवायला जागा सापडेना! तिला घरी सोडून आल्यावर मी पिशवीतली एक बाई काढली, मांड्यांपासून पाय कापले, पुन्हा घडी घालून चिकटवले आणि तिला खुर्चीत मांडी घालून बसवायला गेले. गुडघे खुर्चीच्या हातांवर अडले. कानशीनं घासून पाहिलं, तिरकी बसवून पाहिली. शेवटी ती बाई खुर्चीच्या कडेवर टेकली आणि टपकन खाली पडली. मी तिला खिशात टाकलं आणि गाळ्याबाहेर फेऱ्या मारत राहिले.

दोन दिवसांनी कंपनीचा इंजिनियर मॉडेल तपासायला आला. तरुण, सभ्य, प्रत्येक वाक्यानंतर थँक यू म्हणणारा. त्यानं माप तपासलं, रंग तपासला, खूश झाला. मी इतके दिवस मनात घोळवलेलं विचारून टाकलं, "सर, ही सुटणार कधी? आणि बिकानेरकडे जाईल ना?"

त्याला क्षणभर समजलंच नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, ही धावायची नाही. ही दाखवायची आहे. विचार म्हणून. खरी गाडी बनेल तेव्हा वेगळीच असेल, त्याला किती वर्षं लागतील कोण सांगणार? थँक यू."

बरोबरच होतं त्याचं. मी आजवर शेकडो इमारतींची मॉडेलं केली. त्यांतल्या कित्येक उभ्याच राहिल्या नाहीत, राहिल्या त्या मॉडेलसारख्या दिसल्या नाहीत, आणि यावर आम्ही गाळ्यात रोज विनोद करतो. गिऱ्हाइकाची बायको मॉडेलमधल्या बाल्कनीत कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवते तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतो. मी तीच बाई निघाले. स्वतःच्या हातानं चिकटवलेल्या तारेच्या दांड्यावर मी आईला दोन वर्षं लटकावून ठेवलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की ब्रश धुताना तो मोडला.

त्याच संध्याकाळी बिकानेरहून वहिनीचा फोन आला, मावशीच्या सुनेचा. तिचा आवाज वेगळा होता. सकाळी मावशीनं स्वतःच्या मुलाला दारात अडवून विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

मी कुणाला विचारलं नाही, मोजलं नाही, आखलं नाही. मिळेल त्या दिवसाची, साध्या स्लीपरची दोन तिकिटं काढली. आई म्हणाली, "आन ती तुजी नवी गाडी?" मी म्हटलं, "मरू दे." तिनं कपाटावरचा डबा खाली काढला.

दुपारची गाडी. वसई रोडला ती दोन-तीन मिनिटंच थांबते. पायरी आणि फलाट यांच्यातलं अंतर मला तोंडपाठ आहे, आईचा गुडघा किती वाकतो तेही. दोन्हींचा मेळ बसत नव्हता. मी खालून आधार द्यायला हात पुढे केला तोवर दारातल्या एका घागऱ्यातल्या बाईनं वाकून आईचं मनगट धरलं, मागून कुणीतरी "आओ माजी" म्हणत कमरेला हात लावला आणि आई वर. मीच खाली राहिले होते, दोन पिशव्या घेऊन.

आत आल्यावर आईनं खालच्या बर्थवर चप्पल काढून मांडी घातली. समोर ती घागऱ्यातली बाई, तिनंही पाय वर घेतले. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. सुरत यायच्या आत दोघींची मुलं, सुना, गुडघे, सगळं बोलून झालं. डब्याचं झाकण उघडलं नसतानाही वास आलाच. बाईनं नाक उडवलं, खिडकीची काच आणखी वर ढकलली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. आईला संडासाला जायचं झालं की ती बाई उठून बरोबर जायची, दार अर्धवट उघडं धरून तिला एक हात आत द्यायची. खडूच्या चौकोनात मी आईला एकटीला उभं केलं होतं. गाडीत कुणी एकटं नसतं, हे कोणत्या नकाशात दाखवतात?

मी मात्र पिंजऱ्यात कोंडल्यासारखी. दारापर्यंत जायचं, परत यायचं. प्रत्येक स्टेशनवर मोबाईल काढून किती उशीर झालाय ते बघायचं. सिग्नलला गाडी थांबली की दारातून वाकून पुढे बघायचं. एका ठिकाणी तर नुसत्या एरंडाच्या शेतासमोर आम्ही इतका वेळ थांबलो की मी इंजिनाच्या दिशेनं बडबडायला लागले. मला वाटत होतं की मावशीच्या डोक्यातून या क्षणी एकेक माणूस उतरून जातंय आणि आम्ही इथे एरंड बघतोय.

"बस गो," आई म्हणाली. "तू चालल्यानं गाडी जोरात जात नाय."

"तुला काळजी नाही वाटत?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वाटते. पन आता मी गाडीत हाय. घरात वाटायची ती लई वाईट." मी बसले. पाच मिनिटं बसले असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिकानेर. ऊन असं की डोळे उघडवेनात. रिक्षात आईनं पदर नीट केला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, मला विचारलं, "बरी दिसते ना?" असं तिनं मला आजवर कधी विचारलं नव्हतं. मग ती सांगायला लागली, मावशीला आधी काय म्हणायचं. आधी लहानपणचं एक नाव, फक्त त्या दोघींमधलं. त्यानं नाही आठवलं तर वाडीतल्या विहिरीची गोष्ट. त्यानंही नाही तर डबा उघडायचा. माझ्याइतकीच तयारी करून आली होती बाई, फक्त तिनं खडू वापरला नव्हता.

घराच्या चौकात बाजेवर मावशी बसली होती. खूप लहान झाली होती, खांदे आत गेलेले. वहिनी मोठ्यानं म्हणाली, "आई, बघा कोण आलंय!" मावशीनं मान वर केली. आणि तिचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. ती बाजेची कड धरून उठली, झपझप पावलं टाकत पुढे आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वाटलं, पोचलो बाबा, वेळेत पोचलो.

ती आईच्या शेजारून सरळ पुढे आली आणि तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आलीस बाय?" ती म्हणाली. "किती वाट बघायची गो तुजी? किती?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी आता साधारण त्याच वयाची आहे, ज्या वयाची तिची धाकटी बहीण, माझी आई, तिला शेवटची नीट दिसली असेल.

"मावशी, अगं, मी नाही, मी तर..." मी बोलायला लागले. आईनं मागून माझं कोपर घट्ट दाबलं.

"हो म्हन," ती पुटपुटली.

मी तिच्याकडे वळून बघितलं. तिच्या हातात अजून पिशवी होती. तिनं मला मानेनं पुन्हा खुणावलं.

"हो," मी म्हटलं. "आले मी. उशीर झाला गो."

मावशीनं पदरानं माझे डोळे पुसले, आधी माझे, मग स्वतःचे. मग तिला माझ्यामागे उभी असलेली पांढऱ्या केसांची बाई दिसली. माझ्या कानाशी येऊन, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं, "ह्या कोन?"

मी काही म्हणायच्या आत आईच बोलली.

"मी सोबत आले हिच्या," ती म्हणाली. "हिला एकटीला लांबचा प्रवास झेपत नाय."

"बसा हो, बसा," मावशी तिला म्हणाली. "दमला असाल तुम्ही."